आधी ताईंना

५ जून

आले एकदाची! बॅग अजून उघडली नाही, पण वही आधी काढली. धाकटीला शब्द दिलाय की इथलं सगळं लिहून ठेवीन आणि परत गेले की वाचून दाखवीन. फोनवर तिला फार बोलवत नाही, दोन वाक्यांत दम लागतो. तिच्या दम्यापायी तर मी हॉस्पिटलची नोकरी सोडली. दिवसभर साथीचे पेशंट हाताळायचे आणि संध्याकाळी तिच्या शेजारी येऊन जेवायला बसायचं, म्हणजे आपल्याच हातांनी घरात विस्तव नेण्यासारखं होतं. तेव्हा ही घरगुती नोकरी म्हणजे लॉटरीच म्हणायची. साथ संपेपर्यंत इथेच राहायचं, बाहेर पाऊल टाकायचं नाही, एवढी एकच अट.

खोली बघून हरखून गेले. स्वतंत्र बाथरूम, जाड गादी, आणि पंखा फिरताना आवाजसुद्धा करत नाही! आमच्या भाड्याच्या खोलीतला पंखा गरगरायला लागला की धाकटी म्हणते, विमान सुटलं. खिडकीतून मागच्या लांबलचक शेड दिसतात. घरमालक अप्पांचा कोंबडीची पिल्लं उबवून विकायचा मोठा धंदा होता. साथीत कामाला माणसं मिळेनात म्हणून बंद केलाय. पिल्लं गेली, वास मात्र मुक्काम हलवायला तयार नाही.

माणसं तीनच. अप्पा सत्तरीच्या पुढचे, फुप्फुसं अधू, डोळ्यांत मोतीबिंदू, पण कान असा की मी जिन्यावर असतानाच त्यांनी ओळखलं, नवीन बाई डावा पाय जोरात टाकते. त्यांची सून, त्यांना मी वहिनी म्हणायचं ठरलं. वहिनींचे यजमान साथ आली त्याच महिन्यात गेले, तेव्हापासून गेटला कुलूप. आणि वहिनींची लेक चिऊ, समोरचे दोन दात पडलेली, बोलताना शिट्टी वाजते. ड्रायव्हर गेटजवळच्या खोलीत राहतो, सामान पायरीवर ठेवून जातो.

मला कशाला ठेवलंय, तर अप्पांना वाफ आणि औषधं द्यायला, पण मुख्य म्हणजे लस येईल तेव्हा टोचायला. अप्पांचे हात कापतात आणि वहिनींना सुई बघितली की भोवळ येते.

संध्याकाळी चहा आला. ट्रे टेबलावर ठेवून वहिनी म्हणाल्या, आधी ताईंना. हॉस्पिटलात आमच्या नशिबी चहा यायचा तो गार होऊनच. मला भरूनच आलं.

१२ जून

हे घर म्हणजे एक नवलच आहे. इथे सगळं आधी मला. पाव आला, पहिला तुकडा माझा. दूध आलं, पहिला पेला माझा. ड्रायव्हरने फळांची करंडी आणली तर उघडायचा मानही माझाच. जेवायला बसलो की वहिनी माझं ताट वाढतात आणि तिघं हात मांडीवर ठेवून बसतात, अगदी चिऊसुद्धा. माझं निम्मं जेवण झालं की त्यांची ताटं वाढायची. मी पहिल्या दिवशी संकोचून म्हटलं की अहो, बरोबरच बसू या. वहिनी हसल्या आणि म्हणाल्या, आमच्याकडे पद्धत आहे.

पद्धत असेल तर मी कोण मोडणार? चुडीदार कंबरेला घट्ट व्हायला लागलाय. धाकटीला फोनवर सांगितलं तर हसता हसता तिला ढास लागली. फोन ठेवावा लागला.

अप्पांना बोलायला कुणी हवंच असतं. वाफ घेऊन झाली की पिल्लांच्या गोष्टी काढतात. म्हणतात, पिल्लाचा आजार डोळ्यांना नंतर दिसतो, कानाला आधी कळतो. सगळं शांत असताना शेडबाहेर खुर्ची टाकून बसायचं आणि ऐकायचं. एखाद्या पिल्लाची छाती घरघरली की झालं, ओळखायचं. माझीही छाती ऐकून झाली असणार त्यांची. पास झाले बहुतेक.

२० जून

रेडिओवर दिवसभर लस, लस आणि लस. कधी म्हणतात पुढच्या महिन्यात, कधी म्हणतात चाचणी बाकी आहे. चिऊने सगळ्या बाहुल्यांना भाताच्या काडीने टोचून ठेवलंय, आणि टोचायच्या आधी प्रत्येकीला विचारते, दुखेल हं, रडणार नाही ना? आमच्या लाइनीत अशी मुलगी मिळाली तर सोनं होईल.

आज लशीचा क्रम सांगितला. आधी दवाखान्यातली माणसं, मग म्हातारी, मग इतर. मी दवाखाना सोडलेली, म्हणजे इतर. धाकटीही इतरांतच. दम्याचं कुणी नावही काढलं नाही. तिची पाळी येईपर्यंत किती महिने जातील, आणि त्या महिन्यांत एखादा शिंकणारा माणूस जिन्यात भेटला म्हणजे?

अप्पांचा एक जुना ओळखीचा आहे, पिल्लांच्या लशी पुरवायचा. लसवालाच म्हणतात त्याला. त्याने शब्द दिलाय की माणसांची लस बाजारात यायच्या आधी तुमच्या घरात येईल. हे ऐकलं आणि माझ्याच्याने राहवलं नाही. वहिनींना गाठलं, धाकटीचं सगळं सांगितलं, आणि म्हटलं की मला पगार नका वाढवू, काही नको, फक्त एक कुपी माझ्या बहिणीला द्या.

मला वाटलं होतं आढेवेढे घेतील. त्यांनी फक्त विचारलं की सख्खी का, वयात अंतर किती, लहानपणापासून एकत्रच वाढलात का. मी हो हो म्हणत गेले. त्या अप्पांकडे बघून म्हणाल्या, मग देऊ की.

देवमाणसं आहेत. आज मी मनापासून रडले.

३ जुलै

आज अप्पा रंगात होते. मी विचारलं, इतक्या पिल्लांना लस टोचायची तर लस खरी की खोटी हे तुम्हांला कळायचं कसं? म्हणाले, सोपं आहे. आधी एकीला टोचायची, मेली नाही तर विष नाही एवढं कळलं. मग तिच्या जोडीला बिनलशीची एक घ्यायची, एकाच उबवणीतली, एकाच खुराड्यात वाढलेली. दोघींना आजारी कोंबडीबरोबर कोंडायचं आणि बाहेर बसून ऐकायचं. एक उभी राहिली आणि दुसरी पडली, तर लस चांगली. दोन्ही पडल्या, तर लस फेकून द्यायची.

आणि दोन्ही उभ्या राहिल्या तर, मी विचारलं. तर काहीच कळलं नाही, म्हणाले, पुन्हा पहिल्यापासून.

मी म्हटलं, बिचारी दुसरी. अप्पा खळखळून हसले. म्हणाले, उभी राहते तिला मूठभर दाणे जास्त टाकतो की आम्ही! आणि ती लगेच टिपायला लागते. कोंबडी डूख धरत नाही हो.

दुपारी जेवताना घास तोंडाजवळ नेला आणि सहज वर बघितलं. तिघंही माझ्या तोंडाकडे बघत होते. अप्पांना तर दिसत नाही, त्यांनी कान माझ्याकडे केला होता. बहुतेक मी गिळतेय का ते ऐकत होते.



११ जुलै

चिऊला वेणी घालून देत होते. ती म्हणाली, आधीच्या ताईंना वेणी चांगली यायची. मी विचारलं, कोण आधीच्या ताई? मला तर कुणी बोलल्याचं आठवत नाही. चिऊ म्हणाली, त्यांना दूध प्यायल्यावर खोकला आला, मग त्या मागच्या शेडमध्ये राहायला गेल्या. पुढे काय झालं, विचारलं. तिने खांदे उडवले आणि शिट्टी वाजवत म्हणाली, मग ते दूध आम्ही प्यायलो नाही.

दुधाने कुणाला ही साथ लागत नाही, हे कुणीही सांगेल. ती बाई कुठूनतरी आजार घेऊनच आली असणार. पण या घराने धडा काय घेतला, तर दूध वाईट होतं.

सामान भरलं आणि गेटवर गेले. ड्रायव्हर माझ्याकडे न बघता म्हणाला, कुलूप उघडतो ताई, पण गेलात की परत आत घेणार नाहीत. आणि वहिनींनी सांगून ठेवलंय, तुम्ही गेलात तर तुमच्या बहिणीची कुपीही गेली.

म्हणजे मी जाणार हे त्यांना आधीच ठाऊक होतं.

सामान परत लावलं. चहा आला. आधी ताईंना.

१९ जुलै

लस आली. बर्फाच्या डब्यात, दहा-बारा कुप्या. बाहेर कुठेच नाही, सगळं जग रेडिओला कान लावून बसलंय, आणि आमच्या फ्रिजमध्ये अंड्यांच्या शेजारी लस! वहिनींनी डबा माझ्यापुढे ठेवला. काय म्हणाल्या ते लिहायला नकोच.

स्वतःच्या दंडात स्वतःच टोचली. औषध दुधाळ, जरा घट्ट. सुई बाहेर यायच्या आधीच हात पेटल्यासारखा झाला. आईगं! इतकी दुखणारी लस मी आजवर कुणाला टोचली नाही.

संध्याकाळी ताप चढला. दाराला बाहेरून कडी. अप्पा दाराशी बसून विचारतात, भूक आहे का, पाणी पिताय का, पोट साफ झालं का. मी विचारलं, धाकटीची कुपी वेगळी काढून ठेवलीत ना? हो म्हणाले. मग छाती जोरात भरून श्वास घ्या, म्हणाले. ऐकू द्या.

२८ जुलै

ताप उतरून किती दिवस झाले. मी ठणठणीत आहे. तरी कुणीच लस घेत नाही. आज विचारलंच. अप्पा शांतपणे म्हणाले, विष नाही एवढंच कळलंय.

तीन जुलैचं पान पुन्हा वाचायची गरज नव्हती. सगळं पाठ होतं.

ड्रायव्हर आजारी आहे. बाजारातून साथ घेऊन आला. त्याला मागच्या शेडमध्ये ठेवलंय. त्याची सेवा मी करायची, मास्क न घालता. मी नाही म्हटलं. वहिनी ओरडल्या नाहीत की काही नाहीत. फ्रिज उघडून एक कुपी हातात घेतली आणि बेसिनवर धरली. धाकटीची.

गेले. मास्क न घालता.

६ ऑगस्ट

मला काही झालं नाही! त्याच्या तोंडाशी तोंड नेऊन पाणी पाजलंय, तो माझ्या अंगावर खोकलाय, आणि मला साधी शिंकही नाही. लस खरी आहे. धाकटी वाचली!

वहिनींना ओरडून सांगितलं की आता तुम्ही घ्या आणि माझ्या बहिणीची द्या, मला जाऊ द्या. वहिनींच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाल्या, जाताय कशाला, तिलाच इथे आणायला लसवाल्याची गाडी गेलीय.

हे चांगलं आहे. चांगलंच आहे ना? तिला टोचतील. कबूल केलंय. अप्पांची ती पद्धत कोंबड्यांची. हे तर माणसांचं आहे. चिऊच्या डोक्यावर हात ठेवून वहिनी हो म्हणाल्या.

९ ऑगस्ट

धाकटी आली. गाडीतून उतरताना केवढी हसत होती. किती वाळली आहे. मी तिला मिठीत घेऊन तिथेच कानात सांगणार होते की पळ. पण पळणार कुठे, ती चार पायऱ्या चढली तरी ओठ निळे पडतात. आणि लस इथेच आहे.

वहिनींनी कुपी आणून दिली. स्वच्छ, आरपार दिसणारी. मी म्हटलं, माझी दुधाळ होती. त्या म्हणाल्या, ही दुसऱ्या खेपेची. सील होतं, लेबल तेच होतं. मी टोचली. माझ्या हातांनी. धाकटी डोळे मिटून बसली होती, मग एक डोळा उघडून म्हणाली, झालं? अगं, दुखलंसुद्धा नाही!

चहा आला. वहिनी म्हणाल्या, आधी धाकट्या ताईंना.

ती माझ्याकडे बघून म्हणाली की ताई, किती चांगली माणसं आहेत गं.

१० ऑगस्ट

तिचा दंड दाबून बघितला. दुखत नाही. ताप नाही. सूजही नाही.

पाणी होतं ते. 

वहिनींना सांगायला गेले, हातापाया पडले, म्हटलं मला आजारी करा, मला दुसरी काहीही टोचा, तिला खरी द्या. त्या दार लावून घेऊन आतून रडत होत्या. खरंच रडत होत्या. चिऊ, चिऊ म्हणत होत्या.

आता आम्ही शेडमध्ये. तिला वाटतंय ड्रायव्हरची सेवा करायला आलो. कडी बाहेरून पडली. दोघींचे फोन घरातच राहिले. जाळीबाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज —

अप्पा आले.

१३ ऑगस्ट

जाळी तुटत नाही. नखं गेली.

तिला माझा मास्क, माझी ओढणी, सगळं तोंडावर बांधलं. तिला त्यानेच गुदमरतं. ती काढून टाकते. म्हणते, लस घेतलीय ना, घाबरतेस काय.

तिला कसं सांगू? मीच — माझ्या हातांनी —

ड्रायव्हर सकाळी गेला. तिने त्याचे डोळे मिटले. मी ओरडले, हात लावू नकोस —

१७ ऑगस्ट

ड्रायव्हरचा छोटा रेडिओ चालू आहे. बातमी आली. लस सोमवारपासून मिळणार. क्रम बदललाय. पहिल्याच फेरीत दम्याचे रुग्ण, घरी येऊन टोचणार.

घरी येऊन. आमच्या खोलीवर. ती तिथे पंख्याखाली नुसती बसून राहिली असती तरी —

धाकटी ऐकून म्हणाली, बरं झालं बाई, बिचाऱ्यांना पण मिळेल. आपलं तर कधीच झालं. तुझ्यामुळे.

मग खोकली.

बाहेर अप्पांची खुर्ची पुढे सरकली.

१९

खोकला थांबत नाही. मीही खोकले. मोठ्याने. दोन्ही पडल्या तर फेकून देतात ना, मग फेका —

अप्पा बाहेरून म्हणाले, ताई, तो घशातला आहे. छातीतला नव्हे. उगाच आवाज करू नका, तिचा नीट ऐकू येत नाही.

२०

वही वाचून दाखव म्हणाली. कबूल केलं होतंस.

पंख्याचं वाचलं. पावाच्या तुकड्याचं वाचलं. हसली. पुढचं वाचलं नाही. म्हटलं, पुढे काही लिहिलंच —

२१

गेली. माझा हात धरून.

अप्पा उठून उभे राहिले. सुनेला हाक मारून म्हणाले, लस चांगली आहे गं.

२ सप्टेंबर

मला अंघोळीला गरम पाणी दिलं. कपडे जाळले, नवे दिले. जाड गादी. पंखा फिरतो, आवाज करत नाही. ताटात दोन अंडी जास्त.

खाल्ली. दोन्ही. अप्पा कान देऊन ऐकत होते, समाधानाने मान हलवली.

उद्या गेट उघडणार. चिऊ बाहेर खेळायला जाणार, अप्पा बाजारात जाणार, सगळ्यांना भेटणार. त्याआधी आज तिघांना टोचायचं आहे. कुणी टोचायचं? अप्पांचे हात कापतात. वहिनींना भोवळ येते. डबा, सुया, सगळं माझ्या खोलीत आणून ठेवलंय, आणि दारसुद्धा लावून घ्या म्हणाल्या. ताटात वाढलेला प्रत्येक घास या लोकांनी तपासून घेतला. हे मात्र कुणाच्या मनातही आलं नाही.

कुप्यांतलं दुधाळ औषध बेसिनमध्ये गेलं. नळ सोडून दिला.

तीन सुया भरून ठेवल्यात. अप्पांच्या वाफेसाठी आणलेलं पाणी स्वच्छ असतं, आरपार दिसतं. वहिनी बघणार नाहीत. अप्पांना दिसणार नाही.

वहिनी हाक मारताहेत. म्हणतात, आज आधी चिऊला.

चिऊ बाही वर करून दारातच आलीय. बाहुली कडेवर. ताई, दुखेल का, विचारते. तिला सांगितलं, नाही गं राणी, धाकट्या ताईंना तरी कुठे दुख—